सेमेल, कॉर्क आणि कर्नल लांडा

व्हिएन्नात उतरल्यावर तिसऱ्या दिवशी मी घराखालच्या बेकरीत गेले आणि पुण्यात पाच वर्षं घोटलेल्या जर्मनमध्ये दोन ‘ब्रोट्शेन’ मागितले. काउंटरपलीकडच्या बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, दोन पाव पिशवीत टाकले आणि इंग्रजीत किंमत सांगितली. व्याकरण चुकलं नव्हतं. लिंग, वचन, विभक्ती, सगळं जागच्या जागी होतं. फक्त व्हिएन्नात त्या पावाला ‘सेमेल’ म्हणतात आणि पिशवीला ‘सॅकर्ल’. मी बोलले ते जर्मनीचं जर्मन. कोल्हापुरात पंगतीला बसून ‘किंचित रस्सा मिळू शकेल का?’ म्हणावं, तसं काहीसं.

ही गोष्ट २०११ची. आता मी इथेच अभिनय करते, म्हणून पुण्या-मुंबईतली नाटकवाली मुलं-मुली मला विचारतात, ताई, मला मराठी, हिंदी, इंग्रजी, जर्मन आणि थोडं फ्रेंच येतं, तिकडे अभिनयाचं काम मिळेल का? पाठोपाठ उदाहरणही ठरलेलं असतं : ऑस्ट्रियन नट ख्रिस्टोफ वॉल्ट्झ. तो नाही का ‘इनग्लोरियस बास्टर्ड्स’मध्ये कर्नल लांडा होऊन, चार भाषा बोलून ऑस्कर घेऊन गेला!

गेला खरा. पण तो कसा गेला ते नीट पाहिलं नाही तर त्या उदाहरणाने नुकसानच होतं. माझं झालं होतं.

आधी नाव. आपण इंग्रजीच्या वळणाने वॉल्ट्झ म्हणतो, त्याच्या गावात तो क्रिस्टोफ वाल्ट्स. शेवटचा जो ‘त्स’ आहे तो मराठी माणसाला फुकटात मिळालेला आहे. ‘चमचा’ म्हणताना आपण जो च काढतो, ‘चहा’तला नव्हे, ‘चमचा’तला, तोच. माझ्या वर्गातल्या ब्राझीलच्या मुलीला त्यासाठी महिनाभर घासावं लागलं. आपल्याला बाकीचं घासावं लागतं, ते पुढे सांगते.

वाल्ट्सचा जन्म व्हिएन्नातला, ४ ऑक्टोबर १९५६चा. आई-वडील रंगभूमीच्या नेपथ्य-वेशभूषेच्या कामातले, आजी बुर्गथिएटरची नटी. बुर्गथिएटर हे जर्मन भाषिकांचं मानाचं घर, तिथलं जर्मन म्हणजे प्रमाण असा एके काळी दबदबा होता. म्हणजे हा मुलगा घरी विंगेतल्या गप्पा ऐकत वाढला. पुढे इथल्याच माक्स राइनहार्ट सेमिनार या नाट्यशाळेत शिकला, न्यूयॉर्कला जाऊन ली स्ट्रासबर्ग या नामवंत अभिनयशिक्षकाकडे शिकला, झुरिचच्या रंगमंचावर उभा राहिला. पुढे लंडनला राहून कामासाठी जर्मनी-ऑस्ट्रियात ये-जा करत राहिला. इंग्रजी त्याच्या अंगात मुरलं ते हे असं, घर चालवता चालवता.

आणि मग तीस वर्षं. इथे मी मुद्दाम थांबते, कारण मुलाखती वाचणारे नेमकी हीच वर्षं ओलांडून पुढे जातात. या तीस वर्षांत तो जर्मन-ऑस्ट्रियन दूरचित्रवाणीवर काम करत होता. ‘डेरिक’सारख्या पोलिसी मालिका, ‘तातोर्ट’ ही १९७०पासून चालत आलेली रविवार संध्याकाळची गुन्हेकथा, ‘कोमिसार रेक्स’ ही व्हिएन्नातल्या पोलिसी कुत्र्याची मालिका. एका भागात खुनी, दुसऱ्यात संशयित. १९८६च्या एका सिनेमात तो तत्त्वज्ञ नीत्शे होता. १९९०मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर ‘द ग्रेव्ही ट्रेन’ या मालिकेत इंग्रजी बोलणारा भाबडा जर्मन नोकरशहा झाला. १९९६मध्ये रॉय ब्लॅक या लाडक्या, पण शोकांत झालेल्या गायकाची भूमिका केली आणि जर्मनीत घराघरांत कौतुक झालं. उद्योगपतीच्या मुलाच्या अपहरणावरच्या २००१च्या चित्रपटासाठी ग्रिमे पुरस्कार मिळाला. जर्मन दूरचित्रवाणीवर तो फार मानाचा. तरीही जर्मन भाषिक जगाबाहेर त्याला कोणी ओळखत नव्हतं.

मी इथे आल्यावर ते जुने भाग शोधून शोधून पाहिले. सगळेच चांगले नाहीत, काही तर रद्दी आहेत. पण एक गोष्ट प्रत्येकात दिसते : समोरचा बोलत असताना हा माणूस ऐकतो. आपलं वाक्य कधी येतंय याची वाट पाहत ताटकळत नाही. खुनी असला तरी पोलिसाचं बोलणं असं ऐकतो की पोलिसालाच अवघडल्यासारखं व्हावं. लांडा तिथे तयार होत होता. भाषांचा संबंध पुढे आला.

२००८मध्ये अमेरिकन दिग्दर्शक क्वेंटिन टॅरँटिनो बर्लिनजवळच्या बाबेल्सबर्गमध्ये ‘इनग्लोरियस बास्टर्ड्स’ची तयारी करत होता. एसएसचा, म्हणजे नाझींच्या खास दलाचा, कर्नल हान्स लांडा त्याने असा लिहिला होता की फ्रेंच, इंग्रजी, जर्मन आणि थोडी इटालियन, चारही भाषांत तो सारखाच पाणीदार वाटला पाहिजे. नट सापडेना. ही भूमिका कोणाला करताच येणार नाही की काय, सिनेमा सोडून द्यावा का, इथपर्यंत गोष्ट गेली होती असं त्याने नंतर सांगितलं. जर्मन कलाकारांचं कास्टिंग पाहणाऱ्या सिमोने बेअर यांच्यामार्फत वाल्ट्स आला, वाचून दाखवलं, आणि प्रश्न मिटला. तेव्हा तो बावन्नच्या घरात होता. २००९मध्ये कानच्या चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेता, मार्च २०१०मध्ये ऑस्कर. कानला पारितोषिक घेताना तो टॅरँटिनोला उद्देशून म्हणाला, तू मला माझा पेशा परत दिलास. ज्याच्या हाताला तीस वर्षं काम होतं त्याने हे म्हणावं, यातली खोच काम करणाऱ्यालाच कळते.

आता त्या सिनेमातला पहिला प्रसंग. पुण्यात २००९च्या दिवाळीच्या सुमारास आम्ही जर्मनच्या वर्गातले सात-आठ जण तो सिनेमा पाहायला गेलो होतो. फ्रान्समधलं एक शेतघर. लांडा दुधाचा पेला पितो, गोड गोड फ्रेंच बोलतो, आणि मग अदबीने शेतकऱ्याला म्हणतो, माझं फ्रेंच आता संपलं, तुमची हरकत नसेल तर इंग्रजीत बोलू या. आमच्यातले अर्धे हसले. आम्हाला वाटलं, अमेरिकन प्रेक्षकांच्या सोयीसाठी केलेली ही चलाखी. थोड्या वेळाने कळतं की फळ्यांखाली एक ज्यू कुटुंब लपलंय आणि त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांच्या डोक्यावर, त्यांना कळणार नाही अशा भाषेत, त्यांचा सौदा चाललाय. आणि सौदा झाल्यावर लांडा पुन्हा फ्रेंचवर येतो, निरोपाचं बोलतो. खालच्यांना वाटतं, निघाला. तेवढ्यात शिपाई आत येतात.

मला त्या अंधारात आठवलं आमचं सांगलीचं माजघर. आजी बेळगावकडची. पैशांचं, सोयरिकीचं किंवा कोणाच्या आजारपणाचं बोलायचं झालं की आजी आणि मोठी मावशी बोलता बोलता कानडीत वळायच्या. आम्ही पोरं तिथेच भाकरी खात बसलेलो. आवाज चढायचा नाही, उतरायचा नाही, चेहरेही तसेच. फक्त भाषा बदलायची आणि आम्ही खोलीत असून नसल्यासारखे व्हायचो. कानडी सुरू झालं की पोटात गोळा यायचा, कारण काहीतरी घडलंय एवढं नक्की कळायचं.

लांडा तेच करतो. आजी बिचारी घर सांभाळत होती, तो माणसं मारतो, एवढाच फरक. भाषा बदलणं ही तिथे कृती आहे, दाराला कडी घालण्यासारखी. म्हणून ज्यांना पाच भाषा येतात त्यांना मी पहिलं विचारते : तुझ्या घरात कोण, कधी, कोणापासून लपवायला भाषा बदलायचं? ते करून दाखव. ज्याला हे दाखवता येतं त्याला दोन भाषाही पुरतात.

मला हे कळायला वेळ लागला. इथे एका नामांकित नाट्यशाळेच्या प्रवेशपरीक्षेला मी गेले तेव्हा चोविशीत होते, म्हणजे त्यांच्या हिशेबाने उशीरच, कारण पंचविशीनंतर अशा बहुतेक शाळांचं दार जवळपास बंद होतं. एक अभिजात स्वगत, एक आधुनिक, एक गाणं. मी दोन्ही स्वगतं इतक्या शुद्ध जर्मनमध्ये म्हटली की परीक्षकांतल्या एका बाईंनी विचारलं, या पात्राला नेमकं काय हवंय? मी उत्तर दिलं तेही व्याकरणशुद्ध दिलं. पहिल्याच फेरीत बाहेर. मग व्हिएन्ना विद्यापीठात नाट्य-चित्रपट-माध्यम हा विषय घेतला, तो अभ्यास पुस्तकी आहे, त्याने नट होत नाही, पण राहण्याचा परवाना मिळतो. संध्याकाळी एका उच्चार-शिक्षिकेकडे जायला लागले.

त्यांनी पहिल्या दिवशी वाईनच्या बाटलीचं बूच हातात दिलं. समोरच्या दातांत ते धरायचं आणि पाच मिनिटं मोठ्याने वाचायचं. लाळ गळते, जबडा दुखतो, आपण फार वेडे दिसतो. मग बूच काढून तेच वाचायचं. जीभ जागी झालेली असते. जर्मन रंगभूमीचे उच्चार थिओडोर झीब्स यांनी १८९८मध्ये बांधून दिले, त्याला ब्युनेनडॉइच म्हणजे रंगमंचाची जर्मन म्हणतात. बोलीभाषा कुठलीही असो, नटाला ते यावंच लागतं. वाल्ट्सला ते येतं आणि व्हिएन्नाची बोलीही येते. या दोन टोकांमध्ये तो हवं तिथे थांबतो, ही त्याची खरी पहिली ‘भाषा’.

आपल्या जिभेची अडचण कुठे, तर ट आणि ड. आपण इंग्रजी शाळेत शिकतो तेव्हाच तो मूर्धन्य ट पक्का होतो, जीभ मागे वळून टाळूला लागते. जर्मन ट दातांमागच्या हिरडीवर आपटतो आणि सोबत थोडी हवा सोडतो. मी ‘टाग’, म्हणजे दिवस, म्हटलं की माझा देश कळायचा. दुसरं, आपला व. आपण ओठ नुसते जवळ आणतो, त्यांना खालच्या ओठावर दात हवेत. ‘वीन’, म्हणजे व्हिएन्नाचं स्वतःचं नाव, मला चार महिने नीट म्हणता येत नव्हतं. तिसरं, ऱ्हस्व-दीर्घ. हे आपल्याला येतं, पण आपण लिहिताना पाळतो आणि बोलताना सोडून देतो. जर्मनमध्ये सोडलं की शब्दच बदलतो.

हे सगळं सुधारल्यावर काय झालं? मला डबिंगसाठी बोलावणं आलं. जर्मन देशांत परदेशी चित्रपट सर्रास डब होतात, त्यामुळे तिथे काम भरपूर असतं. संहिता काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेली असते, प्रत्येक तुकडा म्हणजे एक टेक. मी आनंदाने गेले. स्टुडिओतल्या दिग्दर्शकाने पहिला टेक ऐकला आणि म्हणाला, छान आहे, पण फार चांगलं जर्मन झालं, जरा भारतीय करा. मी माझ्या आत्याच्या लकबीने केलं, सांगलीकडचा हेल, वाक्याच्या शेवटी ओढ. तो म्हणाला, अजून. मग कळलं की त्याला हवा होता कार्टूनमधला दुकानदार, मान हलवणारा, तोही आवाजात. त्या दिवशी मी ते केलं, कारण भाडं द्यायचं होतं. पुन्हा बोलावलं तेव्हा गेले नाही. तुम्ही काय कराल ते तुमचं तुम्ही ठरवा. मी गेले नाही म्हणून मला कोणी पदक दिलं नाही आणि त्या महिन्यात मी एका कॅफेत कपबशा विसळल्या.

हा सापळा जुना आहे. १९०४मध्ये ऑस्ट्रो-हंगेरीत जन्मलेला नट पीटर लोरे. बर्लिनमध्ये ‘एम’ हा सिनेमा केला १९३१मध्ये, पोरांचा खुनी, आणि रातोरात नाव झालं. १९३३मध्ये ज्यू असल्यामुळे जर्मनी सोडावी लागली. १९३४मध्ये दिग्दर्शक हिचकॉकच्या चित्रपटासाठी लंडनला आला तेव्हा इंग्रजी जवळजवळ येतच नव्हतं. असं सांगतात की पहिल्या भेटीत हिचकॉक किस्से सांगत होता आणि लोरे त्याचा चेहरा पाहून योग्य जागी हसत होता. काम मिळालं. संवाद त्याने अर्थ न कळता, नुसत्या नादावर पाठ केले. पुढे हॉलिवूडमध्ये त्याला आयुष्यभर त्याच त्या घोगऱ्या आवाजाच्या परक्या माणसाची कामं मिळाली, आठ चित्रपटांत तर जपानी गुप्तहेर मिस्टर मोटो. जर्मन नट कॉनराड फाइट तर नाझींपासून पळून गेलेला, आणि ‘कासाब्लांका’मध्ये नाझी मेजर. त्यांच्या मानाने मला मिळालेली टॅक्सीवाली, आयटीवाली आणि रात्रपाळीची नर्स ही तक्रार करण्याजोगी गोष्ट नाही, तरी मी करते.

वाल्ट्सही यातून सुटलेला नाही. टॅरँटिनोच्याच ‘जँगो’मधला दंतवैद्य शुल्ट्स त्याच्यासाठीच लिहिला गेला, त्याला २०१३मध्ये दुसरं ऑस्कर मिळालं, आणि ती भूमिका मला लांडापेक्षाही आवडते, कारण तिथे तोच गोडवा सज्जनाच्या तोंडी आलाय. पण त्यानंतर सभ्य, हसरा, भाषाप्रभू खलनायक म्हणून त्याला किती वेळा वापरलं! बाँडपटातही तेच. मला त्यातले निम्मे चित्रपट कंटाळवाणे वाटतात. त्याने मात्र दुसरी दारं उघडी ठेवली. २०१३मध्ये अँटवर्पला ‘रोझेनकावालिअर’ हा ऑपेरा बसवला. त्या ऑपेऱ्यात कोण कोणाला कोणत्या सर्वनामाने हाक मारतं यावर सगळं नाट्य उभं आहे. तू, तुम्ही आणि आपण यांतला फरक ज्यांच्या घरात जपला जातो त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. त्याच वर्षी तो कानच्या ज्युरीत होता, आपली चेंबूरची विद्या बालनही त्याच ज्युरीत होती.

आता कामाचं बोलू. कास्टिंगसाठीच्या प्रोफाइलमध्ये भाषा लिहिताना पायऱ्या असतात : मातृभाषा, अस्खलित, चांगली, जुजबी. खोटं लिहू नका. मी एकदा फ्रेंचपुढे ‘चांगली’ लिहिलं आणि कास्टिंगवाल्या बाईंनी फोनवर थेट फ्रेंचच सुरू केलं. माझं उत्तर तीन वाक्यांत संपलं, त्यांची नोंदवही मात्र संपली नसणार. मराठी, हिंदी जरूर लिहा, शक्य तर कानडी-कोंकणीही, कारण जे इथे कोणालाच येत नाही त्यासाठीच कधीतरी फोन येतो. बोली लिहायची वेगळी जागा असते. तिथे ‘व्हिएन्नाची’ असं लिहिण्याइतकी तयारी झाली तेव्हा मला खरी कामं मिळू लागली, कारण मग मी पाहुणी राहिले नाही, शेजारीण झाले. वय लिहीत नाहीत, ‘खेळवय’ लिहितात, म्हणजे किती वर्षांची दिसू शकता. डेमोबँड म्हणजे आपल्या कामाची चित्रफीत, दोन-तीन मिनिटांच्या वर नको. घरून चित्रित करून पाठवायच्या चाचणीला ई-कास्टिंग म्हणतात. मागे रिकामी भिंत, खिडकीचा उजेड, आणि समोर संवाद वाचणारं माणूस जिवंत हवं. मी आईला व्हॉट्सअ‍ॅपवर बसवून जर्मन वाचायला लावलं होतं. तिला जर्मन येत नाही. ती देवनागरीत लिहिलेलं वाचायची, लोरेसारखी.

परवान्याचं सांगते, कारण यात मुलं फसतात. ऑस्ट्रियात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं, पण त्यासाठी काम देणाऱ्याने अर्ज करून परवानगी काढावी लागते. एका दिवसाच्या चित्रीकरणासाठी कोण ते करत बसणार? माझ्या हातून दोन छोट्या भूमिका अशाच गेल्या. त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं अभिनयावर पोट भरेल असा हिशेब करून येऊ नका. जर्मन सी-वन पातळीपर्यंत, म्हणजे अस्खलित बोलता येईल इतपत, पुण्यातच करून या. इथे आल्यावर व्याकरण शिकण्यात वेळ घालवलात तर सेमेल कधी शिकणार?

आणि सरावासाठी : तो शेतघराचा प्रसंग आवाज बंद करून पाहा. लांडा कुठे फ्रेंच बोलतोय आणि कुठे इंग्रजी, हे नुसतं त्याच्या हातांवरून, पेल्यावरून, बसण्यावरून ओळखता येतं का ते बघा. मग त्याच सिनेमातला तळघरातल्या दारूच्या गुत्त्याचा प्रसंग पाहा. मायकेल फासबेंडरचा ब्रिटिश हेर जर्मन अधिकारी बनून बसलाय. उच्चारावर संशय येतो, ती वेळ तो निभावून नेतो. मग तीन पेले मागवताना तर्जनी, मध्यमा आणि अनामिका वर करतो. जर्मन माणूस तीन दाखवताना अंगठ्यापासून सुरू करतो. खेळ तिथे संपतो. भाषा जिभेत असते त्याहून जास्त बोटांत असते, हे मी तिथे पाहिलं आणि मग विसरून गेले.

आठवण झाली गेल्या हिवाळ्यात. एका मालिकेत औषधाच्या दुकानातली बाई, दोन वाक्यं. देश कुठला हे संहितेत लिहिलेलंच नव्हतं, त्याचाच मला जास्त आनंद. मला गिऱ्हाइकाला सांगायचं होतं की गोळी दिवसातून तीनदा घ्या. पहिला टेक झाला आणि कंटिन्युइटी पाहणारी, म्हणजे प्रत्येक टेकमध्ये सगळं सारखं राहतंय ना हे तपासणारी, मुलगी वही घेऊन जवळ आली. म्हणाली, तुम्ही हाताने काय केलंत? मला कळेना. तिने माझाच हात धरून दाखवलं. मी अंगठा करंगळीच्या पेरांवरून फिरवला होता, एक, दोन, तीन, आजी जपाला मोजायची तशी. दिग्दर्शकाने मॉनिटरवर पुन्हा पाहिलं आणि म्हणाला, राहू दे. मुलीने मला पुन्हा एकदा करायला लावलं, वहीत लिहून घेतलं, आणि विचारलं, प्रत्येक टेकला असंच करणार ना, करंगळीपासून?